अनसावहिनीचे हात

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, मुलीला नाही, देवापुढेही नाही. देवापुढे बसून मी कायम दुसरंच काहीतरी मागत राहिले. आणि तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही अनसावहिनीला पाहिलेलं नाही, म्हणून असेल. तिला पाहिलेल्या माणसासमोर माझी जीभ रेटत नाही.

आधी मी कोण ते सांगते. मी डॉक्टर होते. हैदराबादेत सरकारी आरोग्य खात्यात नोकरी केली, मलकपेठेच्या दवाखान्यात बरीच वर्षं काढली, तिथूनच निवृत्त झाले. माझ्याकडे बायका यायच्या त्या बहुतेक सांध्यांचं दुखणं घेऊन. 'घुटनेवाली अम्मा' असं माझं नाव पडलं होतं, आणि खोटं कशाला बोलू — ते मला आवडायचं. पटकी आली की सरकार हलतं, देवी आल्या की टोचायला गाड्या निघतात. संधिवातानं कुणी पटकन मरत नाही. बाई जगते, फक्त घरातल्या घरात मागे सरकत जाते. आधी जातं सुटतं, मग भाकरी, मग वेणीफणी, मग स्वतःच्या लुगड्याची गाठ. ती आजारी आहे हे घरच्यांच्या लक्षात येतं तेव्हा बोटं वाकलेली असतात, आणि तोवर तिला आळशी म्हणून झालेलं असतं. हे मी सभांमधून सांगायची, वरच्या साहेबांना सांगायची, की बाबांनो, हा घरगुती रडगाण्याचा विषय नाही, हे सगळ्या गावाचं दुखणं आहे. पुढे कुकटपल्लीला कारखाने आले, तिथल्या बायकांसाठी शिबिरं घेतली, तेव्हाही हेच सांगितलं. नव्या डॉक्टरांना मी एक गोष्ट घोकून घ्यायला लावायची: बाईला कुठे दुखतं ते नंतर विचारा, आधी विचारा की तिची सकाळ कशी जाते. माझ्या निरोपसमारंभात या वाक्यावर टाळ्या पडल्या होत्या.

थांबा. मी पुन्हा माझंच कौतुक सांगत बसले. सवय आहे ही.

ते सकाळचं वाक्य मी पुस्तकातून शिकले नव्हते. ते कुठून आलं हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? काहीतरी सांगितलं असतंच. मला तेव्हाच्या तेव्हा सुचतं. हाच तर सगळा घोळ आहे.

आमचं घर सुलतान बाजारात होतं, कापडाच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. वडील निजामाच्या महसूल कचेरीत होते. शेरवानी घालून, रूमी टोपी चढवून कामावर जायचे, आणि घरी आले की शेरवानी खुंटीला टांगून संध्या करायला बसायचे. बाहेर उर्दू, घरात मराठी. आम्ही शहरातली मुलं उर्दूतून शिकलो, त्यामुळे आम्हाला दोन्ही येत होतं. अनसावहिनी परभणीकडच्या खेड्यातली, शेतीवाडीच्या घरातली. तिला मराठीशिवाय अक्षर कळत नव्हतं. बांगडीवाल्याशी बोलायचं तरी ती मला हाक मारायची, "वन्सं, याला सांगा ना, की जरा मोठ्या मापाच्या दे." मी सांगायची. घरातल्या बायकांसाठी बाहेरचं सगळं जग माझ्या तोंडून यायचं. मी जे सांगेन तेच बाहेर बोललं गेलं, असं त्या धरून चालायच्या. दुसरा मार्गच नव्हता त्यांना.

तो काळ तुम्ही ऐकून असाल. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता आणि आम्ही झालो नव्हतो. आमचं संस्थान मध्येच लोंबकळत होतं. रझाकारांच्या भीतीनं गल्लीतली निम्मी घरं सोलापूर-पुण्याच्या नातेवाइकांकडे निघून गेली होती. आमचे वडील म्हणायचे, सरकारी नोकर कुठे जाणार? म्हणून आम्ही राहिलो. सरहद्दीवरून माल येईना. पिठाच्या गिरणीला तेल मिळेना, ती बंद पडली. घरकामाची बाई तिच्या गावी गेली ती परतलीच नाही. आणि माळ्यावर टाकलेलं जातं खाली आलं. ज्वारी होती, ती वहिनीच्या माहेरची, आधीच येऊन पडलेली. पण ती दळायची कुणी? सुनेनं. पाणी ओढायचं कुणी? सुनेनं. आमच्या आईचं सोवळं कडक होतं. पहाटे गार पाण्यानं आंघोळ करून सोवळ्यातच दळणाला बसायचं, मग आडाचं पाणी भरायचं, मग स्वयंपाक. पाणी तापवायचा हमाम पेटायचा तो पुरुषांसाठी, आणि अभ्यास करते म्हणून माझ्यासाठी.

वहिनीचे हात त्याच हिवाळ्यात सुजायला लागले होते. तो बांगडीवाला, मोठ्या मापाच्या बांगड्या मागितल्या होत्या ना, त्या सुजेमुळेच. पहिल्यांदा मला वाटलं, ही अंगानं भरते आहे. मग एका सकाळी मी माझ्या आंघोळीचं पाणी बघायला गेले तर ही घंगाळापाशी उकिडवी बसलेली, दोन्ही हात मनगटापर्यंत माझ्या ऊन पाण्यात बुडवलेले, डोळे मिटलेले. मला बघून दचकली. चोरी पकडल्यासारखी. म्हणाली, "जरा बोटं उघडतात हो यानं." मी आईला सांगितलं नाही. पण आईला ते कळलंच. ऊन पाण्यानं सोवळं मोडलं म्हणून वहिनीला पुन्हा गार पाण्यानं आंघोळ करावी लागली.

सकाळी तिच्या मुठी मिटत नसत. भाकरी थापायला घेतली की कडा चिरायच्या, कारण बोटं वळतच नसत, ती तळव्यानं ढकलायची. आणि दुपारी? दुपारी तीच वहिनी ओसरीवर कशिदा घेऊन बसायची. सुंदर काम होतं तिचं. आईचा संताप व्हायचा. "दुखण्याला काय घड्याळ असतं? दळणाच्या वेळी येतं आणि कशिद्याच्या वेळी जातं? हे तमाशे मला नको दाखवूस." आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं. सगळ्यांनाच वाटतं. सकाळी न उचलणारा हात दुपारी सुई धरतो, हे बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार?

शेवटी दादानं, माझ्या भावानं, हट्ट धरला की हिला दवाखान्यात दाखवा. तो स्वतः जनाना दवाखान्यात येऊ शकत नव्हता. वहिनीला भाषा येत नव्हती. म्हणून मला पाठवलं.

इथवर मी बऱ्याचदा येते. मनातल्या मनात. आणि इथून मागे फिरते.

डॉक्टरीण वयस्कर होती, पांढरी सुती साडी, बोलणं अगदी हळू. तिनं वहिनीची बोटं एकेक करून दाबून पाहिली. मधल्या सांध्यावर दाबलं तशी वहिनीनं ओठ चावला. मग तिनं मला विचारलं, सकाळी हात आखडतात का, किती वेळानं सुटतात, पायांची बोटंही दुखतात का. मी वहिनीला विचारून सांगत गेले. तोवर सगळं बरोबर सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ये सुस्ती नहीं है, बेटी, मर्ज है. घरवालों को अच्छी तरह समझाना." आणि समजावून सांगितलं तिनं, मला कळेल असं. हा गठिया आहे, सांध्यांना आतून सूज येते. रात्रभर हात पडून राहिले की सकाळी ते जास्त आखडतात, दिवस चढला की सुटतात, म्हणून लोकांना ते ढोंग वाटतं. आत्ता सुरुवात आहे. सूज आहे तोवर जड काम बंद, जातं तर अजिबात नाही, गार पाणी नाही, ऊन पाण्याचा शेक द्यायचा, आणि सूज उतरली की मगच हलके हलके हात चालवायचे. औषध दिलं, महिन्यानं पुन्हा घेऊन ये म्हणाली.

वहिनी आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती. तिच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे.

माझी इंटरची परीक्षा जवळ आली होती. पुढे डॉक्टरी करायची असं मी ठरवलं होतं, आणि वडिलांनी होकार देताना एकच अट घातली होती — घराला तुझ्या शिक्षणाचा त्रास झाला, आईनं तक्रार केली, की पुस्तकं बंद. आई त्या तक्रारीची संधीच शोधत होती. एक स्थळही बघून ठेवलं होतं तिनं. वहिनीला जात्यावरून उठवलं तर जात्यावर कोण बसणार? आईला दम लागायचा. उरले मी. पहाटेचं दळण, आडाचं पाणी, घरभराच्या भाकऱ्या, आणि मग दुपारी डोळ्यांत झोप घेऊन अभ्यास. तो होणार नव्हता. हे सगळं मला त्या खोलीत, त्या डॉक्टरणीसमोर बसल्या बसल्या दिसलं. कुणी मला ते सुचवलं नाही. मला कुणी धाक घातला नाही.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर वहिनीनं माझा दंड धरला. "काय म्हणाल्या हो?"

मी म्हणाले, "वात आहे म्हणाल्या. घाबरायचं कारण नाही. हात चालवत राहायचे. बसून राहिलीस तर आखडतील, काम केलंस तर सुटतील."

बघा, पूर्ण खोटंसुद्धा नव्हतं ते. 'हात चालवायचे' असं डॉक्टरीण म्हणाली होतीच की! मी तिच्या बोलण्यातलं शेवटचं तेवढं उचललं आणि आधीचं तिथेच टाकून आले. खोटं कसं बोलावं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तरी ते किती सफाईनं जमलं.

आता तुम्हाला वाटेल, झालं, हाच तो गुन्हा. पण माझं ऐका. मला वाटलं होतं की वहिनी नाराज होईल, कुरकुरेल, तिच्या मनासारखं झालं नाही म्हणून रडेल. आणि तिच्या रडण्याची मला चीड येईल, की मग सगळं सोपं होईल. तसं झालं नाही. तिचा चेहरा उजळला. तिला बरं व्हायचं होतं हो! दुसऱ्या दिवसापासून ती आईच्या हाकेआधी उठायला लागली. आई नको म्हणाली तरी दुसऱ्या पायलीला हात घालायची. जात्याच्या खुंट्याला तिनं चिंध्या गुंडाळल्या. मूठ मिटत नसे तेव्हा मनगटाचा वाक खुंट्याला अडकवून ओढायची. मी विचारलं, कशाला इतकं? तर म्हणाली, "औषध आहे ना ते माझं." ती औषध म्हणून दळत होती. घरातल्या सगळ्यांच्या भाकऱ्या त्या पिठाच्या होत्या. माझीही. मी ती खाऊन अभ्यासाला बसायची. आईचं म्हणाल तर ती खूश होती. डॉक्टरीणही तेच म्हणाली, असं येईल-जाईल त्याला सांगायची.

महिन्यानं पुन्हा जायचं होतं. मी गेले नाही, नेलं नाही. दादानं विचारलं तेव्हा शहरातल्या गडबडीचं कारण सांगितलं. ते सगळ्यांना पटण्यासारखंच होतं.

मी पास झाले. चांगल्या गुणांनी पास झाले.

मग फौजा आल्या, रेडिओवर निजामाचं भाषण झालं, रस्त्यांवर लोक नाचले. वडिलांनी रूमी टोपी पेटीत ठेवली. गिरणी सुरू झाली, कामाची बाई मिळाली, जातं पुन्हा माळ्यावर गेलं. सगळं मोकळं झालं. आता सांगायला काय हरकत होती? माझं शिक्षण आता कुणी अडवणार नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. पण तोवर वहिनीची बोटं करंगळीच्या बाजूला झुकायला लागली होती, आणि आता सांगायचं म्हणजे ती बोटं माझ्या नावावर मांडायची. मी तोंड शिवून बसले.

वर्गात संधिवात शिकवला तेव्हा मी मागच्या बाकावर होते. सर आखडलेल्या सकाळीविषयी बोलत होते आणि माझे कान तापले होते. सगळं मला आधीच येत होतं. त्या काळी या रोगावर फारसे उपाय नव्हते, हे मला ठाऊक आहे. विश्रांती मिळूनही तिची बोटं वाकली असती का? कदाचित वाकलीही असती. हे मी अनेकदा स्वतःशी म्हणून पाहिलं आहे. पण मी तिच्या हातून ती संधी काढून घेतली, आणि त्या बदल्यात तिला जातं दिलं. हे कदाचित नाही. हे नक्की आहे.

तिची मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिची वेणी वहिनीला घालता येत नव्हती. पोर रिबिनी हातात घेऊन शेजारी जायची. कशिदा कधीच सुटला होता. अर्धं राहिलेलं एक फूल, रेशीम तसंच अडकलेलं, तिनं ट्रंकेत घडी करून ठेवलं होतं. आणि तिच्या तोंडी माझ्याविषयी काय असायचं? "आमच्या वन्संनी नेलं म्हणून मला दवाखाना तरी दिसला. हात चालवत राहा म्हणाल्या, म्हणून मी निदान उभी आहे, नाहीतर पांगळी झाले असते." पाहुण्यांसमोर सांगायची. मी तिथे बसलेली असायची. हसायची.

अजून एक आहे. तेही आज सांगूनच टाकते.

मलकपेठेला नोकरी लागून काही काळ झाला होता. एक बाई आली, सुलतान बाजाराकडची, तेलुगू घरातली, पापड लाटून विकणारी. तिची बोटं मी पाहिली आणि नेहमीसारखी चिडले. इतके दिवस का थांबलीस, सूज असताना लाटत कशी राहिलीस, कुणी सांगितलं तुला? ती गडबडली. म्हणाली, "तुम्हारे भाभी बोले थे ना, अम्मा. हाथां चलाते रहो बोले. डॉक्टरनी का बोल है बोले."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. वहिनी गल्लीत सगळ्यांना सांगत होती. ज्या बाईचे हात दुखतील तिला, मायेनं, घरी जाऊन. माझं वाक्य. किती जणींना सांगितलं असेल तिनं? त्यांतल्या कितींनी ऐकलं असेल? मी गावभर जो समज खोडून काढत फिरत होते, शिबिरं घेत होते, तो माझ्याच घरातून बाहेर पडत होता. मी त्या बाईला तपासलं, औषध दिलं, नीट समजावलं. आणि घरी येऊन वहिनीला काय म्हणाले? "वहिनी, लोकांना औषधपाणी सांगत जाऊ नकोस. तुला त्यातलं कळत नाही." एवढंच. ती ओशाळली. पुन्हा कुणाला काही सांगितलं नाही तिनं. ओरडा तिला बसला, बघा. तोही माझ्याकडून.

आई, वडील, दादा, सगळे गेले. वहिनी शेवटची काही वर्षं मुलीकडे होती, मी आठवड्यातून एकदा जायची. तिला पाणीही दुसऱ्यानं पाजावं लागे. एका दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होते. डॉक्टर असून हे करते म्हणून तिच्या मुलीला माझं केवढं अप्रूप. मुलगी आत गेली आणि वहिनी एकदम म्हणाली, "वन्सं, एक विचारू? त्या डॉक्टरीणबाई... तसंच म्हणाल्या होत्या ना हो? काम कर म्हणून?"

तिला काही कळलं होतं का? टीव्हीवर काही ऐकलं होतं? नात शिकलेली होती, तिनं काही वाचून दाखवलं होतं? मला माहीत नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. नुसतं विचारत होती. घरात ऐकणारं कुणी नव्हतं. माझी परीक्षा संपून उभा जन्म गेला होता. मला मिळवायचं काही उरलं नव्हतं आणि गमावायचंही काही नव्हतं. तिला मात्र होतं. आपण आपल्या हातांचं वाटोळं केलं नाही, आळसही केला नाही, हे तिला एकदा ऐकायचं असेल. किंवा खरं काय ते ऐकायचं असेल.

मी म्हणाले, "हो. तसंच म्हणाल्या होत्या."

तिनं छताकडे बघितलं. मग म्हणाली, "मग माझंच काहीतरी कमी पडलं असेल."

मी तेल लावत राहिले. ती पुढच्याच महिन्यात गेली. तिला दुखवू नये म्हणून मी 'हो' म्हणाले असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. मला भीती वाटली. मरायला टेकलेल्या, हातही न उचलता येणाऱ्या त्या बाईनं माझ्याकडे एकदा वेगळ्या नजरेनं बघितलं असतं, एवढ्याचीच मला भीती वाटली.